उन्हाळ्यातील वराहपालन : आजार, प्रतिबंध आणि उपचार

अल्प भांडवल, लवकर वाढ आणि एका वेतात आठ-दहा पिल्ले, या तीन कारणांमुळे वराहपालनाला शेतीपूरक व्यवसायांत निश्चित स्थान मिळाले आहे. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 90.6 लाख डुकरे होती. त्यांपैकी जवळजवळ 21 लाख एकट्या आसामात आणि सुमारे 12.8 लाख झारखंडात होती. महाराष्ट्राचा क्रम या यादीत बराच खालचा आहे. गोव्यात मात्र वराहपालन घरोघरच्या परसदारी रुजलेले असून तेथील ‘अगोंदा गोवन’ ही काळी देशी जात राष्ट्रीय स्तरावर नोंदणीकृत आहे. ज्या प्रदेशांत हा व्यवसाय वाढत आहे, त्यांपैकी बहुतेकांत मार्च ते जून हा काळ कडक उन्हाचा अथवा दमट उकाड्याचा असतो. कर्ज घेऊन उभारलेल्या वराहगृहाचे भवितव्य पुष्कळदा याच चार महिन्यांत ठरते.

डुकराला उन्हाळा का सोसत नाही

गाय, बैल किंवा माणूस घामावाटे शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. डुकराच्या त्वचेत घर्मग्रंथी असल्या तरी शरीर थंड करण्याच्या कामी त्या जवळजवळ निरुपयोगी असतात. शरीराच्या मानाने फुप्फुसे लहान, त्यामुळे धापा टाकूनही फारशी उष्णता बाहेर पडत नाही. त्वचेखालील चरबीचा थर ती आत कोंडून ठेवतो. पूर्ण वाढलेल्या मादीला 18 ते 22 अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि विदर्भात किंवा पंजाबात मे महिन्यातील दुपारी पारा 45 अंशांच्या घरात जातो. हे अंतर भरून काढण्याचा डुकराचा एकच नैसर्गिक उपाय म्हणजे अंग ओले करणे. चिखलात लोळणे हा त्याचा घामच म्हणावयाचा.

मराठीत या प्राण्याचे नाव शिवीसारखे वापरले जाते आणि अस्वच्छता त्याच्या स्वभावातच आहे असे समजले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. कप्पा पुरेसा मोठा व थंड असेल तर डुक्कर एका कोपऱ्यातच मलमूत्र टाकते आणि झोपण्याची जागा कोरडी ठेवते. उकाडा असह्य झाला आणि जवळ पाणी नसले, की ते स्वतःच्याच मलमूत्राच्या ओलाव्यात जाऊन पडते. म्हणून सकाळी स्वच्छ असणारी डुकरे दुपारी घाणीत लोळलेली दिसू लागली, तर तो त्यांच्या स्वभावाचा दोष न समजता वराहगृह तापल्याची पहिली खूण समजावी. ही खूण कोणत्याही उपकरणाविना दिसते, आणि तरीही पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

उष्माघात

निरोगी डुकराच्या शरीराचे तापमान साधारणतः 101.5 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते आणि मोठे डुक्कर विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला वीस-तीसपेक्षा अधिक श्वास घेत नाही. श्वासांची संख्या साठीकडे गेली, खाणे सुटले, डुक्कर तोंड उघडून धापू लागले, लाळ गाळू लागले, की उष्माघात जवळ आला असे जाणावे. तापमान 106 अंशांच्या वर गेल्यावर जनावर लटपटते, आडवे पडते, झटके येतात आणि काही वेळा तासाभरातच दगावते. सर्वांत जड, सर्वांत चरबीयुक्त आणि विण्यास आलेल्या माद्या प्रथम बळी पडतात. म्हणजे ज्यांच्यावर पैसा अधिक गुंतलेला असतो त्याच.

अशा वेळी जनावराला हाकलत सावलीत नेण्याचा प्रयत्न करू नये. चालण्याच्या श्रमाने स्नायूंत आणखी उष्णता निर्माण होते. त्याऐवजी जनावर जेथे पडले आहे तेथेच गोणपाटाची किंवा ताडपत्रीची सावली करावी. साधे गार पाणी प्रथम पायांवर व डोक्यावर, नंतर हळूहळू सर्वांगावर ओतावे आणि पंख्याने अथवा पुठ्ठ्याने वारा घालावा. बर्फाचे पाणी एकदम अंगावर ओतू नये, कारण त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतील उष्णता आतच राहते. शुद्धीवर असलेल्या जनावराला थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे; बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी तापमान पाहावे व ते 103-104 अंशांपर्यंत उतरले की ओतणे थांबवावे.

तापाची गोळी किंवा इंजेक्शन देण्याची धडपड येथे बहुधा व्यर्थ ठरते. ही औषधे रोगजंतूंमुळे येणाऱ्या तापावर काम करतात. उष्माघातात शरीराने ताप ‘आणलेला’ नसतो, बाहेरची उष्णता आत साचलेली असते. शिरेतून द्रावण व अन्य औषधे देण्याचा निर्णय पशुवैद्यकानेच घ्यावा. अनेक राज्यांत 1962 या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते.

उष्मा की संसर्ग?

उन्हाळ्यातील सर्वांत मोठी हानी उष्माघाताने होत नाही. संसर्गजन्य तापाला उष्माघात समजण्याच्या चुकीने होते.

समजा, वीस माद्यांच्या एखाद्या वराहगृहात मे महिन्याच्या एका दुपारी दोन डुकरे मेली. उन्हाचा तडाखा सर्वांनाच जाणवत असतो; त्यामुळे ‘ऊन लागले’ हे निदान मालक, मजूर आणि शेजारी सगळेच एकमताने करतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक मरते. आता मालक घाबरतो आणि उरलेली धडधाकट दिसणारी डुकरे मिळेल त्या किमतीला व्यापाऱ्याच्या गाडीत चढवितो. तो आपले भांडवल वाचवीत असतो. त्याच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. रोग जर स्वाइन फीव्हर असेल तर ती गाडी ज्या ज्या बाजारात आणि वस्तीत थांबेल, तेथे तो उतरतो. एका उंबऱ्यावरचे नुकसान तालुक्याचे होते.

हे टाळण्यासाठी थर्मामीटर आणि निरीक्षण या दोनच गोष्टी पुरेशा आहेत. उष्म्याने त्रासलेली डुकरे एकमेकांपासून दूर सरकून, पाय ताणून, ओलसर जमिनीवर पसरतात. तापाने फणफणलेली डुकरे भर उन्हाळ्यातही एकमेकांना चिकटून ढिगाने पडतात व थरथरतात. बाहेर 40 अंश असताना डुकरांचा ढीग दिसला तर तो उष्माघात नव्हे. उष्माघाताचे जनावर दुपारी आजारी पडते आणि गार केल्यावर तास-दोन तासांत त्याचे तापमान उतरते. संसर्गाचा ताप पहाटेच्या गारव्यातही 105-106 अंश दाखवितो, पाण्याने उतरलाच तर पुन्हा चढतो, आणि दोन-चार दिवसांत एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो. लहान पिल्ले, सडपातळ जनावरे, सावलीतल्या कप्प्यातली जनावरे, कोणीच सुटत नाही. कानांची टोके, पोट व मांड्या लाल-जांभळ्या होणे, डोळ्यांना चिकटा, रक्ताळलेली हगवण, मागचे पाय लटपटणे ही पुढची लक्षणे. म्हणून वराहगृहात एकही डुक्कर संशयास्पद रीतीने आजारी पडल्यास त्याच्याबरोबर इतर पाच-सहा निरोगी दिसणाऱ्या डुकरांचेही तापमान सूर्योदयापूर्वी घ्यावे आणि लिहून ठेवावे. ही वही पशुवैद्यकाला निदानासाठी आणि पुढे विम्याच्या दाव्यालाही उपयोगी पडते.

स्वाइन फीव्हर नावाचे दोन निरनिराळे रोग आहेत. त्यांची लक्षणे इतकी सारखी, की प्रयोगशाळेवाचून फरक सांगता येत नाही. ‘क्लासिकल’ स्वाइन फीव्हर भारतात जुना असून त्यावर लस उपलब्ध आहे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस 2020 मध्ये प्रसारित झाली. ‘आफ्रिकन’ स्वाइन फीव्हर भारतात प्रथम 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला आणि नंतर अनेक राज्यांत पोहोचला. त्याच्यावर उपचार नाही, देशात वापरात असलेली लस नाही आणि तीव्र साथीत जवळजवळ सर्व डुकरे दगावू शकतात. माणसाला हा रोग होत नाही. मात्र माणसाच्या बुटांवरून, कपड्यांवरून, गाडीच्या चाकांवरून आणि विशेषतः उष्ट्यातील डुकराच्या मांसाच्या तुकड्यांतून तो पसरतो.

संशय येताच विक्री, खरेदी व कत्तल थांबवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविणे हे प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे तपासले जातात. रोग निश्चित झाल्यास एक किलोमीटरच्या परिसरातील डुकरे शास्त्रीय पद्धतीने नष्ट केली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. हे ऐकूनच पशुपालक रोग लपवितो, हे समजण्यासारखे आहे; स्वतःची निरोगी जनावरेही जाणार ही भीती खोटी नाही. पण भरपाईची तरतूद शासकीय आदेशाने नष्ट केलेल्या जनावरांसाठी असते. लपविल्यामुळे आधीच मेलेल्यांचे काहीच हाती येत नाही. मृत डुक्कर उघडून पाहू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे.

हॉटेल व मंगल कार्यालयातील उष्टे अन्न हा अनेक लहान वराहपालकांचा मुख्य खुराक आहे. ते बंद करा म्हणणे सोपे आहे, पण खर्चाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग खुराकावर जात असताना ते मानले जाणे कठीण. निदान ते सतत ढवळीत 90 अंश सेल्सिअसवर एक तास शिजविल्याशिवाय देऊ नये. उन्हाळ्यात हे अन्न दुपारपर्यंत आंबते, तेव्हा शिजवून गार होताच खाऊ घालावे आणि गव्हाणीतले उरलेसुरले काढून टाकावे.

पाणी, आणि पाण्याविना होणारी विषबाधा

दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी लागते. वाढत्या डुकराला सात-आठ लिटर. उन्हाळ्यात ही गरज आणखी वाढते. टाकी भरलेली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. लिटरची बाटली निप्पलखाली धरून पाहावी : वाढत्या डुकरांच्या कप्प्यात ती सुमारे एका मिनिटात आणि दूध पाजणाऱ्या मादीच्या कप्प्यात अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे. काळा पाइप उन्हात पसरलेला असेल तर दुपारी त्यातून चटका देणारे पाणी येते आणि डुक्कर तहानलेले असूनही ते पीत नाही. पाइप जमिनीत पुरावा, टाकीवर छप्पर घालावे.

भारनियमनाने किंवा बोअर आटल्याने एक-दोन दिवस पाणी तुटले, तर एक विलक्षण आजार उद्भवतो. त्याला मिठाची विषबाधा म्हणतात, पण मीठ जास्त झालेच पाहिजे असे नाही. खुराकात नेहमीचे अर्धा टक्का मीठ असले तरी पाण्याच्या अभावी ते मेंदूत साचते. फरसाण, पापड, लोणच्याचे उरलेले, खारवलेल्या मासळीचा कचरा खाणाऱ्या डुकरांत धोका अधिक. डुक्कर आंधळ्यासारखे भिंतीला डोके टेकून उभे राहते, गोल फिरते, मग मागे मागे सरकून बसते व त्याला झटके येतात. खरा घात यानंतर होतो. टँकर आला, की कळवळून मालक गव्हाणी काठोकाठ भरतो. मेंदूत साचलेले मीठ हे पाणी वेगाने ओढून घेते, मेंदू सुजतो आणि तग धरून असलेली डुकरेही जातात. दीर्घ तहानेनंतर पाणी थोडे थोडे, दर तासाला मोजून, दिवसभरात हळूहळू वाढवीत द्यावे. एवढी एकच गोष्ट ठाऊक असल्याने अख्खा कप्पा वाचू शकतो.

कोरडे ऊन, दमट ऊन

वराहगृहाची लांबी पूर्व-पश्चिम असावी, छप्पर मध्यभागी दहा-बारा फूट उंच असावे, पत्र्यांना वरून पांढरा चुना द्यावा, त्यावर पाचट किंवा भाताचा पेंढा पसरावा, हे नियम सर्वत्र सारखे आहेत. मात्र पेंढा व विजेच्या तारा यांत अंतर ठेवावे. यापुढे प्रदेशानुसार मार्ग वेगळे होतात. विदर्भ, मराठवाडा, पंजाब यांसारख्या कोरड्या मुलुखात पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते. तेथे खिडक्यांना ओले गोणपाट, फवारे उत्तम काम देतात. कोकण, गोवा, आसाम येथे हवाच पाण्याने जडावलेली असते. तेथे बंद खोलीत तुषार उडविल्यास दमटपणा तेवढा वाढतो आणि डुकरे अधिकच गुदमरतात. अशा ठिकाणी भिंती कमरेएवढ्याच ठेवून वारा खेळता ठेवावा. डुकरांच्या अंगावर मोठ्या थेंबांचे पाणी दोन-तीन मिनिटे सोडून बंद करावे आणि पंख्याने अंग वाळू द्यावे. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा तसेच करावे. गारवा मिळतो तो पाणी वाळण्याने, नुसते भिजण्याने नव्हे.

दाटी कमी करावी. ज्या कप्प्यात हिवाळ्यात दहा डुकरे ठेवली त्यात आठ ठेवावीत. खुराक पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावा. पचनाची क्रियादेखील शरीरात उष्णता निर्माण करते, आणि भर दुपारी पोटभर खाल्लेले जाड डुक्कर हा उष्माघाताचा नेहमीचा बळी आहे. लसीकरण, वजन, वाहतूक ही कामेही पहाटेचीच.

जातींची निवड हा दीर्घ पल्ल्याचा उपाय आहे. पांढरे यॉर्कशायर लवकर वाढते, पण उन्हाने त्याची पाठ व कान भाजतात. विलायती व देशी रक्ताच्या संकरातून रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने ‘झारसुक’ आणि गुवाहाटीजवळील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने ‘राणी’ हे वाण विकसित केले, ते याच विचाराने. नवा प्रकल्प उभारणाऱ्याने केवळ वाढीच्या वेगाचा तक्ता पाहून जात ठरवू नये.

माता, पिल्ले आणि नोव्हेंबरचा हप्ता

व्यालेल्या मादीच्या कप्प्यात एक पेच असतो. आईला 20 अंशांचा गारवा हवा आणि नवजात पिल्लांना 32 ते 34 अंशांची ऊब हवी. उन्हाळा आहे म्हणून पिल्लांचा दिवा सरसकट काढून टाकणे चुकीचे. पहाटेच्या वाऱ्याने आणि ओल्या फरशीने पिल्ले गारठतात व हगवणीने मरतात. पिल्लांसाठी कोपऱ्यात कोरडी, आडोशाची पेटी ठेवावी आणि मादीच्या मानेवर तेवढी पाण्याची बारीक ठिबक सोडावी.

उकाड्याने मादीचे खाणे घटते, बद्धकोष्ठ होतो आणि विल्यानंतर कास सुजणे, गर्भाशयाचा दाह व दूध आटणे असा त्रिविध आजार होतो. पिल्ले किंचाळत कासेभोवती घुटमळतात, मादी पालथी पडून कास लपविते, तापमान 104 च्या वर असते. त्या दिवशीच पशुवैद्यकाकडून प्रतिजैविक व दूध सुटण्याचे इंजेक्शन द्यावे. पिल्ले एक-दोन दिवसांत उपाशी मरतात. विण्याआधी आठवडाभर गव्हाचा कोंडा, हिरवा चारा व भरपूर पाणी दिल्यास हे बहुतांशी टळते.

पैदाशीच्या नराचे नुकसान तर दिसतच नाही. मे महिन्यात तीन-चार दिवस तो तापला, तर वीर्याची प्रत पुढील चार ते सहा आठवडे घसरलेली राहते. नर निरोगी दिसतो, माद्यांवर जातो, पण त्या 21 दिवसांनी पुन्हा माजावर येतात किंवा मोजकीच पिल्ले देतात. मादीच्या गर्भाचा पहिला महिनाही असाच नाजूक. गर्भकाळ 114 दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. मेच्या मध्यास फळलेली मादी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विते आणि तिची पिल्ले आठ आठवड्यांची होऊन नोव्हेंबरच्या प्रारंभी विक्रीस येतात. तेव्हा नोव्हेंबरमध्ये थकलेल्या हप्त्याचे कारण बाजारभावात शोधण्याआधी, मे महिन्यात नराच्या कप्प्यावर सावली होती काय, हे विचारावे. परतफेडीचे वेळापत्रक आखतानाही हा हंगामी खड्डा धरलेला बरा.

इतर तक्रारी

एरिसिपेलस या जिवाणूजन्य रोगात एकाएकी जोराचा ताप येऊन त्वचेवर शंकरपाळ्यासारखे लाल चट्टे उठतात. वेळीच पेनिसिलिन दिल्यास गुण येतो. हा रोग जखमेवाटे माणसाच्या हाताला होऊ शकतो, म्हणून हातमोजे वापरावेत. खरजेवर आयव्हरमेक्टिन प्रभावी आहे, मात्र ते दिल्यावर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस उलटेपर्यंत डुक्कर मांसासाठी विकू नये. जखमांवर माश्या बसून अळ्या पडतात, त्या रोज पाहाव्यात. बुरशी आलेली मका वा पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिने यकृत बिघडते आणि माद्या गाभडतात. पावसाच्या आरंभी साचलेल्या पाण्यात व भातखाचरांत वाढणारे डास जपानी मेंदूज्वराचे विषाणू डुकरांतून माणसांकडे नेतात. डुक्कर स्वतः फारसे आजारी दिसत नाही, फक्त मृत पिल्ले जन्मतात. म्हणून वराहगृह घरापासून दूर, आणि नाली वाहती हवी.

कर्ज, विमा आणि पाहणी

छपराची उंची, पाण्याची टाकी, पंखे व फवारे हा खर्च प्रकल्प अहवालात सुरुवातीलाच दाखवावा. नंतर तो खिशातून होत नाही. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डाची सुविधा 2018-19 च्या अर्थसंकल्पानंतर पशुपालनालाही लागू झाली आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाखालील विम्यात 2024 च्या सुधारणेनुसार शेतकऱ्याचा हप्त्यातील वाटा 15 टक्के ठेवण्यात आला. कानातील बिल्ला हरवला तर दावा अडतो, आणि उन्हाळ्यात अंग घासण्याच्या नादात डुकरे तो तोडतात. बिल्ला तुटताच विमा कंपनीला लेखी कळवून नवा बसवून घ्यावा; मृत्यूनंतर बसविलेला बिल्ला कोणी मानीत नाही.

पाहणीस जाणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. एकाच दिवशी तीन-चार वराहगृहे उरकण्याची सवय सोयीची असली तरी रोग नेण्याचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे. एका दिवशी एकच वराहगृह पाहावे, बूट बाहेर काढून तेथलेच गमबूट घालावेत, दारातील जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवावेत, आणि मोजणी कठड्याबाहेरूनच करावी. एखाद्या कर्जदाराने दारातच अडवून पाय धुण्यास सांगितले तर रागावू नये; त्या खात्याची फारशी काळजी करण्याचे कारण नसते.